शेवटचा झटका

"पुढारी व्हायचंय ना? मग आधी शेपूट व्हा," हे सरांचं लाडकं वाक्य ऐकून तिचे कान किटले होते.

धुक्यात डोंगर उतरताना सगळ्यांच्या कमरेला एकच दोरी होती. सरांनी झटका दिला की एकेकाने तो मागे पोचवायचा, आणि शेवटच्याने उलटा झटका देऊन 'आहे' असं कळवायचं. शेवटी तीच होती.

"गुरं बरी!" तिने नाक मुरडून कमरेची गाठ सोडली. दोरी सरपटत धुक्यात गेली.

थोड्या वेळाने सर ओरडले, "शाबास गं, शेपूट! आता कसं लगेच उत्तर देतेस!"

"ध्यान आहे नुसतं," ती फिदीफिदी हसली.

मग तिला दोरीचं टोक दिसलं. कमरेच्या उंचीवर, गाठ मारलेलं रिकामं वेटोळं तिच्याच चालीने पुढे चाललं होतं.

"सर!" ती किंचाळली.

पुढून झटका आला. वेटोळ्याने उत्तर दिलं: आहे.