जास्तीचा शिंपला

म्हातारपणी वल्हं हातून सुटल्यावर खायची सोय म्हणून पोकानाऊनं घरासमोरच्या उथळ प्रवाळावर ताटाएवढे जिवंत शिंपले राखले होते. प्रत्येकाच्या कवचावर सुरीची खूण. एका ओहोटीला एक बिनखुणेचा निघाला, दुसऱ्या ओहोटीला दोन. कमी झाले असते तर नवल नव्हतं. वाढलेले पाहून तो हादरला. चोरीचा माल ठेवून कुणीतरी आपल्याला अडकवणार! होडीआड दबा धरून बसला. न्यामेत नावाची शेजारची विधवा टोपली घेऊन आली. "सापडलीस, चोरटे!" "चोर कधी आणून ठेवतो का, म्हाताऱ्या? माझे शिंपले लांबच्या खडकावर. गुडघे रोज तिथवर नेत नाहीत, लोक ते उचलून नेतात. अख्ख्या गावावर संशय घेणारा तू. तुझ्याहून चांगला राखणदार कुठला?" पोकानाऊ अभिमानानं फुगला. तिच्या शिंपल्यांवर वेगळी खूण करायला त्यानं सुरी काढली. "माझ्यासमोर कर," न्यामेत म्हणाली, "नाहीतर उद्या तुझीच खूण निघायची."