सदाशिवरावांची सनई

"पुन्हा," नागोराव म्हणाले.

सदाशिवरावांनी सनईची पत्ती ओठांत भिजवली, श्वास भरला आणि भूप परत पहिल्यापासून धरला. वाजवता वाजवता कपाळावर आठ्या चढल्या. संपल्यावर त्यांनी भीतभीत वर पाहिलं. समोर बसलेल्या नागोरावांनी मान हलवली.

"नाही साहेब. अजून सूर नाही लागून राह्यला."

पाच वर्षं हेच चाललं होतं. यवतमाळच्या एका सरकारी कचेरीतले सदाशिवराव बावन्नाव्या वर्षी सनई शिकायला निघाले, तेव्हा अख्खी कचेरी हसली होती. दर रविवारी ते पहिल्या एसटीनं कळंबला येत. नागोरावांनी चाळीस वर्षं जिल्हाभर लग्नं वाजवलेली. आता ते घरीच असत, आणि शिष्य हा एवढाच. सदाशिवरावांना फार काही नको होतं. गौरीच्या, आपल्या लेकीच्या लग्नात आपण स्वतः वाजवावं, बस.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा त्यांनी विचारलंच. "गुरुजी, खरं सांगा. मांडवात वाजवू का मी?"

नागोराव त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"कायले हसू करून घेता साहेब? राहू द्या."

गौरी हटून बसली. "बाबा, तुम्हीच वाजवायची." ते नाहीच म्हणाले. मांडवात स्पीकरवर सनई लागली. पाठवणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवरावांनी आपली सनई पाण्याच्या पेटत्या बंबात सारली. कळंबला जाणंही थांबलं.

पोळ्याच्या सुमारास नागोराव गेल्याचं कळलं. भेटायला जाणं भाग होतं. नागोरावांच्या बायकोनं, हंसाबाईंनी, चहा पुढे केला.

"येणं काहून बंद केलं भाऊ? मी तं चुलीपाशी तुमचं वाजवणं ऐकत बसो. लय गोड वाजवत होते तुम्ही."

सदाशिवराव कसनुसं हसले. "गुरुजींना कधी पसंत पडलं नाही ते."

हंसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"त्यायले कुठं ऐकू येत होतं भाऊ? तुम्ही यायच्या आधीच दोन्ही कान गेलते त्यायचे. बोलणं ओठांवरून समजे, पण मले कोणापाशी बोलू देल्लं नाही. तुम्ही वाजवत तवा ते तुमच्या तोंडाकडे पाहत, अन् तिथं जे दिसे तेच सांगत."