तिसरी गोधडी

“आणखी एक घाल गं. थंडीनं दात वाजतायत,” नवरा दोन गोधड्यांखालून कुडकुडत म्हणाला. मालनने फडताळातून जाडजूड तिसरी ओढली. ताप आला की घाम फुटेपर्यंत माणसाला गुंडाळून ठेवायचं, ही तिच्या माहेरची रीत.

शेजारच्या खोलीत लेक उद्याच्या भाषणाचा सराव करत होती. “हवेतला कार्बन डायऑक्साइड म्हणजे पृथ्वीची गोधडी! गोधडी काही स्वतः ऊब तयार करत नाही, आपलीच ऊब धरून ठेवते. उन्हानं तापलेली जमीन उष्णता वर सोडते आणि हा वायू त्यातली बरीचशी अडवून पुन्हा खाली धाडतो.”

मालन दारात थबकली. “आणि गोधडी नसेलच तर?”

“सगळं गोठून जाईल, आई.”

“मग असलेली बरी की!”

“बरीच. पण आपण धूर सोडून सोडून ती जाड करत चाललोय. म्हणून तर पृथ्वीला ताप चढलाय.”

मालनचं डोकंच चालेना. नसली तर गोठायचं, जाड झाली तर तापायचं; मग बाईनं करायचं तरी काय? परत येऊन तिने नवऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तवा परवडला.

“घालतेस ना?” तो कण्हला. “गारठलोय मी.”

गोधडी उराशी धरून ती तशीच उभी राहिली.

“पोरी,” तिने हाक मारली, “ज्याला ताप चढतो, त्याला तर थंडीच वाजते. मग आपण तापलोय हे त्याला कळायचं कसं गं?”