भांड्यांची रांग

मशिदीच्या अंगणात भांड्यांची रांग लागली होती. स्टीलचे डबे, ॲल्युमिनियमच्या किटल्या, कडीचे तांबे, प्रत्येकावर झाकण. माणसे मात्र रांगेत नव्हती, ती भिंतीच्या कडेने बसली होती. एन्नोरच्या या समुद्रकाठच्या तमिळ वस्तीत रोज्याची कंजी अशीच वाटली जात असे. दुपारी येऊन आपले भांडे ठेवायचे. आचारी तांदूळ-डाळीची ती पातळ पेज ओळीने भरत जाई. मग ज्याचे त्याने गर्दीतून उचलून न्यायचे. कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, कोण नुसते चवीसाठी आले आहे, कोण मुसलमान आणि कोण शेजारचे, हे भांड्यांवरून कळत नसे.

आज भांडी भरून झाली, तरी कोणाला हात लावू दिला नव्हता. कंजीचा खर्च उचलणारे, हज करून आलेले हाजियार बंदराच्या रस्त्यावर कंटेनरच्या लॉऱ्यांमध्ये अडकले होते. ते अखेर गाडी मागे सोडून चालत आले, तेव्हा सूर्य वीज केंद्राच्या धुरांड्यांआड गेला होता. चामड्याच्या व्यापारातला हा साठीचा गृहस्थही दिवसभर उपाशी होता. ओठ सुकून पांढरे पडले होते. त्यांच्या कचेरीतल्या रघुरामने भिंतीवर फलक बांधला. वर ‘रमजान करीम’, खाली हाजियारांचा हसरा चेहरा.

“एकेकाने आपलं भांडं घेऊन इथे यायचं,” रघुराम म्हणाला. “हाजियार भांड्याला हात लावतील. मग मोबाइलकडे बघायचं.”

कोणी उठले नाही.

“पोलीस ठाण्यात पाटी धरून फोटो काढतात, तसाच ना?” शेजारच्या गल्लीतल्या सरोजाने विचारले. बायका पदराआड हसल्या.

“अम्मा, थट्टा नको. बांग व्हायला वेळ उरलेला नाही.”

“तो वेळ तुम्हीच खाल्लात, तंबी,” धाकट्या भावाला हाक मारावी तशी दुसरी एक बाई म्हणाली. “रोजा आमचा, जेवण तुमचं!”

रघुरामने रांगेतला पहिला डबा उचलला. एका बाजूने चेपलेला, कडी तारेने बांधलेली. “हा कोणाचा?”

“माझा. खाली ठेव.” मैमूनउम्मा उठून उभ्या राहिल्या. टोपलीतून मासळी विकून घर चालवणाऱ्या या म्हातारीचा आवाज बाजारात दोन गल्ल्या ऐकू जाई; आत्ता तो हळू होता.

“या ना, उम्मा. एकच फोटो.”

“पुराच्या वेळी तांदूळ घेताना काढलात तोही एकच होता. तांबरमला नातीच्या कॉलेजात तो तिच्याआधी पोहोचला. मुली अजून तिला ‘तांदूळ’ म्हणून हाक मारतात. आता ‘कंजी’ म्हणायला लावू?”

हाजियार पुढे आले. “उम्मा, मला याची हौस नाही. लोक फोटो बघतात, म्हणून पुढच्या वर्षी देणारे आणखी चार हात पुढे येतात. त्यात तुमचंच भलं आहे.” मग ते रघुरामकडे न बघता म्हणाले, “ज्यांना नको असेल, त्यांचं भांडं बाजूला ठेव.”

रघुरामने तो चेपलेला डबा रांगेतून काढून फलकाखाली ठेवला.

“हाजियार,” मैमूनउम्मांनी विचारले, “करीम हे नाव कोणाचं?”

“अल्लाहचं. करीम, उदार तोच. हे काय विचारणं झालं?”

“मग त्याच्या नावाखाली तोंड तुमचं कसं?” आता आवाज चढला होता. “जन्मभर मी त्याच्याकडून घेत आलेय. श्वास घेतला. समुद्राची मासळी घेतली. पोरगी गेली, तेव्हा तिची पोर पदरात घेतली. एकदाही तो म्हणाला नाही, मैमून, जरा इकडे बघ! आदमच्या लेकरांना इज्जत त्याने दिली, न मागता दिली. तुम्ही दिलीत ती कंजी. तेवढ्या कंजीच्या बदल्यात त्याने दिलेलं परत मागता? कुठल्या हक्काने?”

हाजियारांनी तोंड उघडले. पण त्याच वेळी बांग सुरू झाली.

अंगणातली सगळी माणसे एकदम उठली. कोणी खिशातला खजूर तोंडात टाकला, कोणी सोबतची पाण्याची बाटली तोंडाला लावली, आणि मग एकाच गर्दीत शंभर हात भांड्यांवर पडले. कोणी कोणते नेले, हे रघुरामला दिसलेही नाही. मैमूनउम्मांनी पाण्याचा घोट घेतला, फलकाखालचा आपला डबा उचलला आणि त्या फाटकाकडे निघाल्या. त्यांना कोणी अडवले नाही.

फाटकाशी त्या वळल्या. रिकाम्या होत चाललेल्या अंगणात हाजियार मशिदीच्या पायरीवर बसले होते. त्यांचा खजुराचा डबा आणि पाणी गाडीत, लॉऱ्यांच्या मागे राहिले होते. दोन्ही हात मांडीवर रिकामे होते. कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते, आणि मागणे त्यांना जमत नव्हते.

मैमूनउम्मा परत आल्या. चेहऱ्यावरचा राग तसाच होता. त्यांनी डब्याचे खोलगट झाकण काढले, त्यात कंजी ओतली आणि ते त्यांच्यापुढे धरले. हाजियारांनी ते झाकण दोन्ही हातांनी घेतले. पहिल्याच घोटाला थोडी पेज दाढीवर ओघळली.

असा फोटो दिवसभरात मिळाला नव्हता. रघुरामने मोबाइल उचलला.

“खाली कर तो!” मैमूनउम्मा कडाडल्या. “माणूस रोजा सोडतोय.”