दोन्ही हात

सून एका हातानं पाया पडते, हे इंदूबाईला खपत नव्हतं. तेही परक्या बाईसमोर.

शेजारची मानीबाई मुद्दाम पोहणारी सून पाहायला आली होती. अर्पिता वाकली, उजवा हात तिच्या पावलांना लावला आणि उभी राहिली. डावा अंगालगत तसाच. मानीबाईनं आशीर्वाद दिला आणि निघताना दारातून बोलली, "काहो इंदूबाई, मेडलवाले लोकं एकाच हातानं पाया पडते काय? दुसरा दिल्लीसाठी राखून ठेवते?"

इंदूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरीत शाळा सुटलेली बाई, पण राळेगावच्या बाजारात तिच्या तोंडी लागायला व्यापारी भितात. आणि आज मानीबाई तिला ऐकवून गेली.

एवढंच असतं तर गिळलं असतं. पण नागपूरच्या कॅम्पातून आल्यापासून पोरीचं सगळंच एकहाती चाललं होतं. चहाचा कप एका हातानं घेते. सासऱ्याला ताट एका हातानं देते. धुणं दोरीवर खालूनच फेकते, निम्मं मातीत. लांब केस होते, तेही कापून आली. वेणी घालायचा आळस. बोलावं तर सासूला "हो मामीजी" म्हणते आणि भिंतीला टेकून बसते. तिशीही न गाठलेली बाई, बसली की साठीची दिसते.

याच सुनेसाठी इंदूबाई गावाशी भांडली होती. अर्पिता यवतमाळची. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, म्हणजे बेडकासारखं पोहण्यात, राज्यात तिच्यापुढं कोणी नव्हतं. उघड्या पायांची सून करता काय, असं भावकीनं विचारलं तेव्हा इंदूबाई म्हणाली, "तुमच्या सुना झाकल्या पायानं कुठवर पोचल्या ते सांगा." विषय तिथंच बंद. मेडलं समोरच्या खोलीत लागली. त्यांच्या मधोमध तिनं स्वतःच्या हातानं एक मोठा खिळा ठोकला. देशाच्या सोन्यासाठी.

तो खिळा रिकामाच राहिला. मागच्या राष्ट्रीय स्पर्धेत अर्पिता सगळ्यांच्या आधी पोचली, आणि बाद झाली. या पोहण्यात भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. तिचा डावा मागून लागला. इंदूबाईनं त्या पंचाच्या सात पिढ्या उद्धरल्या. "पहिली आली ते आली. एक हात मांगून आला तं काय पाणी बाटलं?"

पाण्यात एक हात तिला चालत होता. पाया पडताना चालत नव्हता.

उद्या पहिल्या गाडीनं अर्पिता परत नागपूरला जाणार होती. निवड चाचणी होती. त्यात निवड झाली तर पुन्हा राष्ट्रीय, नाही तर संपलं. "अजून एक," असं तिचे वडील फोनवर म्हणत. "अजून एक," असं कोच म्हणत. इंदूबाई म्हणत नसे. ती नुसतं खिळ्याकडे बोट दाखवी.

पण जायच्या आधी सुनेला वळण लावणं भाग होतं. तिनं सूपभर तूर आणून अर्पितासमोर ठेवली.

"पाखड. पाहू दे मले, सूप एका हातानं कसं पाखडते तू."

अर्पितानं सुपाकडं पाहिलं. मग सासूकडं. उजव्या हातानं एक कड धरली, डाव्यानं दुसरी. उचललं. पहिल्याच झटक्याला डावी बाजू खाली गेली आणि तूर अंगणभर झाली.

इंदूबाईच्या जिभेवर शिवी आली होती, ती तिथंच राहिली. पोरीनं खालचा ओठ दातांत धरला होता. थंडीचे दिवस, आणि कपाळावरून घाम चालला होता. इंदूबाईनं तिचा डावा हात कोपराला धरून वर केला. खांद्यापर्यंत पोचायच्या आतच अर्पिताच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"कवापासून?"

"त्या स्पर्धेच्या आधीपासून."

"कोचले मालूम हाये?"

"दुखू नये म्हणून सुई देते ते. म्हणते, एवढी एक चाचणी होऊ दे."

"ऋतिकले?"

अर्पितानं मान हलवली. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"मंग मले काहून नाही सांगतलं वं?"

अर्पिता समोरच्या खोलीकडं पाहत राहिली. "तुम्ही खिळा ठोकून ठेवला होता, मामीजी."

बाहेरून सासऱ्यांनी, बापूजींनी आवाज दिला, "सूनबाईची बॅग काढून ठेवा वो दारात. सकाळच्या गाडीले गर्दी राह्यते."

इंदूबाई खाली बसली आणि तूर टोपल्यात गोळा करू लागली. अर्पिताही बसली, उजव्या हातानं दाणे लोटत. दोघींचे मिळून तीन हात. टोपलं भरलं तसं इंदूबाई रिकामं सूप घेऊन उठली, समोरच्या खोलीत गेली आणि मेडलांच्या मधोमध, त्या मोठ्या खिळ्याला सूप अडकवून आली.

मग बाजारात बोलते त्याच आवाजात, बापूजींनाही ऐकू जाईल असं, ती सुनेला म्हणाली, "मस्तवाल समजत होतो मी तुले. मस्तवाल नाहीस, येडी हायेस. एका हातानं लागला तरी काठ तो काठच असते. निघ आता पाण्यातून."