मागच्या घरावरची झळ

"ताई, थंडावा थोडा कमी करा न वो," मागच्या घरातून इंदूबाईंचा आवाज आला. "तुमची सगळी झळ आमच्यावर येते. यांना धाप लागली आहे."

वृंदाने थंडाव्याच्या यंत्रावरचा चोवीसचा आकडा सव्वीसवर नेला.

नागपूर सोडून डोंगराकडे निघालेली चाकांवरची शंभर घरं एकामागे एक चिकटून चालली होती. बाहेर चोपन्न अंश होते. रांग सोडली की रस्त्यातून मिळणारी वीज तुटायची, आणि रांगेत राहायचं तर पुढच्या घराने बाहेर फेकलेली उष्णता सोसायची.

पाचच मिनिटांत घामोळ्यांनी लाल झालेली तिची लेक ओवी रडायला लागली. वृंदाने आकडा हळूच पुन्हा चोवीसवर आणला. लेकरू झोपलं.

"कमी केला न ताई?"

"केला की, मघाशीच केला!"

त्यानंतर मागून हाक आली नाही. तिने आरशात पाहिलं, तर इंदूबाईंचं घर रांगेतून सुटून कडेला उभं होतं, दारं-खिडक्या सताड उघड्या. वृंदाचा पाय ब्रेकपर्यंत गेला आणि परत आला. तिने ताफ्याच्या प्रमुखाला कळवलं. मदतीची गाडी चार तासांनी येईल, असं तो म्हणाला.

दुपार चढली तसं यंत्र घरघरायला लागलं. आकडा एकोणतीसवर गेला आणि ओवी दचकून उठली. वृंदाने पुढच्या घराला हाक दिली, "भाऊ, थंडावा थोडा कमी करा न. लेकराला सोसत नाही."

"केला की ताई, मघाशीच केला!" पुढून लगेच उत्तर आलं.