कोरडा गाल

मानपाड्यात तिसऱ्या मजल्यावर, ऐन केळवणाच्या पानावर, शौनकचं लग्न मोडलं. पण ते मोडलं नाही असं धरून चालू. शौनक आजही तसंच धरून चालतो.

तर तो पाटावर बसलाय. समोर केळीचं पान. पानात वालाचं बिरडं, मसालेभात, कोशिंबीर, जिलबी. वाढतायत शीलामावशी. होणारी नवरी रसिका; तिची आई लवकर गेली, तिला लहानाचं मोठं केलं ते या मावशीने. घरात शेवटचा शब्द तिचा. आणि तिच्या हातच्या बिरड्यासाठी माणसं चिपळूणहून येतात.

शौनकच्या शेजारी त्याची आई, सुमतीबाई. त्यांचं जेवणात लक्ष नाही. त्या शौनकच्या डाव्या गालावर पहारा देतायत.

दोन वर्षांपूर्वी त्या गालामागे, कानाखाली, सुपारीएवढी गाठ आली. नौपाड्यातले डॉक्टर म्हणाले, लाळेच्या ग्रंथीची आहे, साधी आहे, पण काढायला हवी. चेहरा हलवणारी नस नेमकी त्या ग्रंथीतून जाते. मधमाश्यांना न उठवता मध काढावा इतक्या अदबीने डॉक्टरांनी तीन तास ती नस सोडवली. टाक्यांची रेघ कानापुढून खाली आणि मागे केसांत अशी नेली की पुढे ती शोधायला सुमतीबाईंनाही चष्मा लागायचा. कानाची पाळी बधिर झाली. महिनाभर हसू फक्त उजव्या बाजूला उमटायचं. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, हा कुत्सित हसतो. लोक त्याला वचकून राहू लागले. मग हसू सरळ झालं आणि वचक गेला.

सहा महिन्यांनी त्या गालाला घाम यायला लागला. फक्त जेवताना. डॉक्टर म्हणाले, ग्रंथीला ‘लाळ सोड’ असा निरोप देणाऱ्या बारीक नसांचं घर गेलं, त्या शेजारच्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जोडल्या गेल्या. म्हणजे शौनकच्या तोंडाला पाणी सुटलं की गालालाही सुटतं.

रसिकाला हे ठाऊक होतं. नौपाड्यात मिसळ खाताना तिने त्याची कॉलर भिजलेली पाहिली होती. मावशीच्या घरी मात्र कुणाला काही माहीत नव्हतं, कारण सुमतीबाईंचा हुकूम होता. “गाठ म्हटलं की लोक पुढचं ऐकत नाहीत. लग्न होईपर्यंत लिंबू नाही, लोणचं नाही. रुमाल मांडीवर. आणि पचकायचं नाही.”

शौनकने हुकूम पाळला. प्रत्येक घासाला तो गालाचा कानोसा घेत होता. घास कुठे जात होता, काय जात होता, त्याला पत्ता नव्हता. भीतीने जिभेचं लाकूड झालं होतं. बिरडं संपलं. गाल कोरडा. मसालेभात संपला. गाल कोरडा. जिलबी गेली, तरी ठणठणीत कोरडा. सुमतीबाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात गणपतीला नारळ कबूल केला.

“जावईबापू, कसं झालंय?” मावशींनी विचारलं.

“एक नंबर. असं बिरडं आयुष्यात खाल्लं नाही.”

रसिका पाण्याचा तांब्या घेऊन वाकली आणि कुजबुजली, “सांगून टाक ना रे आता. लपवून काय लग्न करायचं?”

कोरड्या गालाने शौनकला धीर आला होता. त्याने रुमाल बाजूला ठेवला आणि सगळं सांगितलं. गाठ, टाके, नस, घाम. सुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

रसिकाचे काका सीताराम मोठ्याने हसले. “साधी गाठ ना? मग त्यात काय! माझं पित्ताशय काढलंय, मी काय पत्रकं वाटली?”

मावशींचे तर डोळेच भरून आले. “पोरगा खरं बोलला हो. मला असाच हवा होता.”

शौनकला वाटलं, आपण जिंकलो. तेवढ्यात मावशी वाढता वाढता थांबल्या.

“म्हणजे चव आवडली की गालाला घाम येतो?”

“येतोच,” रसिका कौतुकाने म्हणाली. “हा तोंडाने काहीही बोलेल गं. मी गाल बघते. परवा मिसळ खाताना नुसता निथळत होता!”

सगळ्या पंगतीने माना वळवल्या. काकांनी तर चष्मा पुसून घातला. पानात बिरड्याचा एक दाणा उरला नव्हता, आणि गालावर एक थेंब नव्हता.

“मावशी, मला भीती वाटत होती, म्हणून...”

“माझ्या जेवणाची?”

“नाही हो, घामाची!”

“मग आला का?”

शौनकने गाल चाचपला. कोरडा. मावशींनी डाव पातेल्यात ठेवला. “पाहुणे, हात धुवून घ्या. माझ्या बिरड्याला हा गाल भिजेल, त्या दिवशी अक्षता. तोवर नाही.”

हॉलची तारीख दुसऱ्यांना गेली. रसिका रोज फोन करते, पण मावशीला दुखवून बोहल्यावर चढणार नाही म्हणते. दर रविवारी शौनक मानपाड्याला जेवायला जातो. आता समोर नऊ जण खुर्च्या मांडून गालाकडे बघत बसतात. भीती नऊपट झाली आहे. बिरडं उत्तम असतं असं म्हणतात.

शेवटी तो डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, घाम थांबवायचं इंजेक्शन आहे, आणायचं नाही. असं आजवर कुणी मागितलंच नाही. शौनकने तिथेच कागद मागून घेतला आणि रीतसर लिहून दिलं: ‘तरी येत्या रविवारी दुपारी साडेबारा ते दोन या वेळेत, मौजे मानपाडा येथे, अर्जदाराच्या डाव्या गालास किमान तीन थेंब घाम मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.’